जाळे सर्वांचे कशाने होते?

शाळेत संगणक कक्ष सुरू होतो तेव्हा नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि पाहुणे राउटरच्या लुकलुकत्या दिव्याकडे कौतुकाने पाहतात. पुढे वर्षभर त्या कक्षाविषयी एकच प्रश्न विचारला जातो : ‘नेट चालू आहे का?’ अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न गैरलागू नाही. तरीही आमचे मत असे की, जाळ्याविषयीचा हा अर्धाच प्रश्न आहे आणि तोही लहान अर्धा. तार, टॉवर, डबा या गोष्टी पैसे मोजले की मिळतात. परंतु ते जाळे आपल्या उपयोगाचे ठरते की नाही, हे मानकांवर अवलंबून असते. आणि ‘मानक’ हा शब्द आपल्यापैकी कुणाच्याच रोजच्या बोलण्यात नाही. या शाळेत शिकविणारी आणि येथूनच शिकून गेलेली आम्ही काही मंडळी स्मरणिकेच्या निमित्ताने याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. विषय यंत्राचा असला तरी त्याचा संबंध आपल्या मुलांच्या दाखल्यांशी आहे.

डेटा संप्रेषणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात पाच गोष्टी सांगितलेल्या असतात : संदेश, प्रेषक, प्राप्तकर्ता, माध्यम आणि संकेतनियम, म्हणजेच प्रोटोकॉल. वसतिगृहातला मुलगा पूर्वी घरी पोस्टकार्ड लिहीत असे, तेव्हाही या पाचही गोष्टी होत्या. लिहिणारा मुलगा, वाचणारी आई (बहुधा शेजारच्याकडून वाचून घेणारी आई), मजकूर, आणि ते कार्ड वाहून नेणारे टपालखाते. पाचवी गोष्ट डोळ्यांना दिसत नसे. पत्ता कार्डाच्या उजव्या बाजूस लिहायचा, खाली सहा आकडी पिनकोड घालायचा, मजकूर दोघांनाही येणाऱ्या भाषेत लिहायचा, हा तो अलिखित करार. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी एकाच नावाच्या दोन गावांनी टपालखात्याला किती छळले असेल, याची कल्पना आपल्या जिल्ह्यातील वाडी-तांड्यांची नावे पाहिली तरी येते.

संगणकाच्या जाळ्यात हा करार अधिक काटेकोर असावा लागतो, कारण यंत्राला अंदाज बांधता येत नाही. ‘अर्धापूर’ हे आपल्या गावाचे नावच घ्या. उच्चारताना आपण चार अक्षरे उच्चारतो. संगणक मात्र त्याचे आठ तुकडे करतो : अ, र, हलन्त, ध, काना, प, दीर्घ उकार, र. प्रत्येक तुकड्याला एक ठरलेला क्रमांक आहे. ‘अ’ला २३०९, ‘र’ला २३५२, हलन्त चिन्हाला २३८१, असे. आंतरजालावर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत यातील प्रत्येक क्रमांक तीन बाइटांत मांडला जातो, म्हणजे आठ तुकड्यांचे २४ बाइट, आणि एका बाइटात आठ बिट धरता १९२ बिट. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश १९२ वेळा ‘आहे किंवा नाही’ असे सांगतो, तेव्हा आपल्या गावाचे नाव पलीकडे पोहोचते. संदेश मोठा असेल तर त्याची लहान पाकिटे केली जातात. साध्या इथरनेट जाळ्यात एका पाकिटात साधारणतः १५०० बाइटांपेक्षा अधिक मजकूर मावत नाही. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. पाकिटे निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात, पुढेमागे पोहोचतात आणि पलीकडे क्रमाने लावली जातात. एखादे हरवले तर पुन्हा मागविले जाते.

आता प्रश्न असा की, ‘अ’चा क्रमांक २३०९ हे ठरविले कोणी? नांदेडात टंकलेल्या २३०९चा अर्थ लंडनमधील यंत्राने ‘अ’ असाच का लावावा?

याचे उत्तर आपल्या भागातील जुन्या माणसांना रेल्वेच्या उदाहरणाने चटकन समजेल. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून सिकंदराबाद ते मनमाड अशी जी रेल्वे झाली, ती मीटर गेज होती. रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर. मुंबईहून मनमाडला येणारी रेल्वे ब्रॉड गेज, अंतर १६७६ मिलिमीटर. रूळ दोन्हीकडे पोलादाचेच, इंजिने दोन्हीकडे कोळशाचीच. परंतु नांदेडचा माणूस मुंबईला निघाला की त्याला मनमाडला उतरावेच लागे, बोचकी डोक्यावर घेऊन फलाट बदलावा लागे. मालाचे तर विचारूच नका. एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरताना लागणारा वेळ, हमाली आणि नासधूस यांचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच माथी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंदीकरण झाले, तेव्हा कोठे हा फेरा संपला. जवळपास शंभर वर्षे रेल्वे होती, तरी सलग मार्ग नव्हता. अडचण लोखंडाच्या कमतरतेची नव्हती, मोजमाप एक नसल्याची होती.

युरोपात तारायंत्राच्या बाबतीतही हेच घडत होते. एका देशाची तार सरहद्दीपर्यंत येई, तेथे ती कागदावर उतरवून पलीकडच्या देशाच्या कचेरीत हाताने दिली जाई आणि मग पुढे पाठविली जाई. या कटकटीला कंटाळून वीस देशांनी १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये करार केला आणि आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. तीच संस्था आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली काम करते. तार गेली (भारतात तर ती सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली), पण एकत्र बसून मानक ठरविण्याची रीत राहिली.

इंटरनेट ही त्या रीतीचीच पुढची पायरी. त्याचे दोन मूळ संकेतनियम, आयपी आणि टीसीपी, ज्या स्वरूपात पुढे रुजले ते सप्टेंबर १९८१मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने ते स्वीकारले. हे दस्तऐवज आजही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आमच्या दृष्टीने इंटरनेटच्या विस्ताराचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. नियम उघडे होते. ते पाळणाऱ्याला आत येण्यासाठी कुणाची परवानगी, ओळख वा शिफारस लागत नव्हती. (इतर क्षेत्रांतील कितीतरी आंतरराष्ट्रीय मानके मात्र आजही भरमसाट किंमत देऊन विकत घ्यावी लागतात, आणि हे आम्हाला मुळीच पटत नाही.) उघड्या मानकाची ताकद पाहण्यासाठी फार दूर जायला नको. अर्धापूरच्या बसस्थानकावरील चहावाल्याकडे ग्राहक कोणत्याही बँकेचा, कोणत्याही ॲपचा असला तरी दहा रुपये त्याच्या खात्यात जातात. २०१६पूर्वी एका कंपनीच्या मोबाइल-पाकिटातील पैसे दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात जात नसत. यूपीआयने सर्वांना एकच बोली बोलायला लावली, एवढाच तो फरक.

मानक नसले, किंवा असूनही डावलले गेले, तर काय होते याचा अनुभव आम्हाला हीच स्मरणिका तयार करताना आला. जुन्या स्मरणिकांतील काही लेख पुनर्मुद्रित करावेत असे ठरले. सीडीवर जपलेल्या फाइली मिळाल्या, उघडल्याही. पडद्यावर मात्र मराठीचे एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे यांचा नुसता बाजार. फाइल खराब झालेली नव्हती. ती ज्या फॉन्टमध्ये टंकली गेली तो फॉन्ट आज कोणाकडे नाही, आणि त्या फॉन्टखेरीज तिला अर्थ नाही.

असे का झाले, ते समजून घेण्याजोगे आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसेच. आत एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असे आणि वरून त्याला ‘क’चे किंवा वेलांटीचे चित्र चढविलेले असे. कोणत्या चिन्हाला कोणते चित्र, हे प्रत्येक फॉन्ट आपल्या मर्जीने ठरवी. एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्या छापखान्यात गेला की तेथे मनमाड लागलेच. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतावली १९८८ साली तयार झाली होती आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती सुधारून ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने प्रसिद्धही केली होती. तिच्याच १९८८च्या रूपावरून त्याच वर्षी, १९९१मध्ये, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. मग छापखान्यांनी ती का वापरली नाही? केवळ नफेखोरी म्हणून चालणार नाही. पाने रचण्याची तेव्हाची सॉफ्टवेअरे युनिकोडची जोडाक्षरे नीट दाखवू शकत नव्हती आणि अंक तर वेळेवर निघायला हवा होता. परंतु सोय त्या दिवसाची झाली आणि तोटा मात्र कायमचा राहिला.

२००९ साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करणारा निर्णय काढला. म्हणजे मानक होते, शासनाची मोहोरही होती. तरीही खेड्यापाड्यांतील, तालुक्यांतील कितीतरी कचेऱ्या आणि शाळा आजही जुन्याच फॉन्टमध्ये टंकलेखन करतात, कारण टंकणाऱ्याच्या बोटांना तीच सवय आहे आणि कोणी कारण समजावून सांगितलेले नाही.

हे सारे टंकलेखकाचे दुखणे म्हणून सोडून देता आले असते. पण शाळेचे जनरल रजिस्टर त्याच फॉन्टमध्ये टंकले जाऊ लागले की प्रश्न वेगळा होतो. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांच्या बाबतीत घराण्यातील पहिला लेखी पुरावा म्हणजे कोणाच्या तरी आजोबांची शाळेतील नोंद. सातबारा नव्हता, घराची कागदपत्रे नव्हती. पहिलीच्या वर्गातील एक ओळ होती. जात-वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५०पूर्वीच्या रहिवासाचे व जातीचे पुरावे शोधावे लागतात. मराठवाड्यात तर तो काळ निजामी राजवटीचा आणि तिच्या पाठोपाठच्या दोन वर्षांचा. कागद उर्दूत नाहीतर मोडीत, साल फसली. आपल्यापैकी अनेकांनी ते कागद हाती धरून उर्दू जाणणारे वृद्ध गृहस्थ शोधले आहेत. त्यात दिवस गेले, पैसेही गेले, पण वाचणारा शेवटी सापडला, कारण उर्दू ही लाखोंची लिपी आहे. मोडीलाही २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे. बंद पडलेल्या फॉन्टचा जाणकार कोठे शोधायचा? शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचता यावा आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येऊ नये, याला प्रगती म्हणणे आम्हाला कठीण जाते.

आणखी एक बाब सांगितलीच पाहिजे, कारण मानके आकाशातून पडत नाहीत. ती माणसे ठरवितात आणि त्या बैठकीत जो नसतो त्याचे अक्षर राहून जाते. मराठीतील ‘ॲ’ हे अक्षर पहा. ‘ॲड.’ ही वकिलांची उपाधी, ‘ॲट्रॉसिटी’ हा आपल्याला दुर्दैवाने वारंवार लिहावा लागणारा शब्द. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली, पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. हिंदीला ते लागत नव्हते आणि मराठीची निकड कोणी वेळेवर मांडली नसावी. तोवर लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवीत. आजही दोन्ही रूपे चालू आहेत. डोळ्यांना ती सारखी दिसतात. संगणकाला मात्र एका ठिकाणी २४१८ हा एकच क्रमांक दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी २३०९ व २३७३ असे दोन. साध्या शोधसोयीत एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. एखाद्या वकिलाने, कार्यकर्त्याने संगणकात ‘ॲट्रॉसिटी’ शोधावे आणि निम्मी प्रकरणे दिसूच नयेत, हे केवळ एका चंद्रामुळे घडू शकते. म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे आहे की, आपली काही मुले अभियंता व्हावीत इतकेच पुरेसे नाही. त्यांतील दोघेचौघे मानक ठरविणाऱ्या समित्यांपर्यंत पोहोचावेत.

तारेचा प्रश्न लहान म्हटला, तरी तो नाही असे नाही. २०११ साली मंजूर झालेल्या आणि आता भारतनेट या नावाने चालणाऱ्या योजनेत देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरले. आपल्या भागाला ही गोष्ट कालव्याच्या भाषेत सांगता येईल. इसापूर धरणाच्या पाण्यावर अर्धापूरच्या केळीच्या बागा उभ्या आहेत. धरण भरलेले असले तरी टेलच्या शेतकऱ्याला ठाऊक असते की, वरच्या अंगाला चाऱ्या फुटल्या, दारे मोडली की आपली पाळी कोरडी जाते. फायबरचेही तसेच. ग्रामपंचायतीच्या कपाटात तार येऊन थांबते. तेथून शाळेपर्यंतचे, वस्तीपर्यंतचे काही शे मीटर कोणाच्याच हिशेबात नसतात. टाळेबंदीच्या काळात वसतिगृह रिकामे झाले, मुले आपापल्या गावी गेली आणि शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा या टेलचा अर्थ सर्वांना नीट कळला.

पाणी वाटताना कोणाचे शेत हे पाहू नये, तसेच पाकीट वाहताना कोणाचे पाकीट हे पाहू नये. काही मोजकी संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी रचना आपल्या देशात येऊ घातली होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डेटा सेवेच्या दरांत मजकुरानुसार भेदभाव करण्यास मनाई केली. गरिबाला थोडे तरी फुकट मिळत होते, ते का बंद केले, असा युक्तिवाद तेव्हा मोठमोठ्यांनी केला. आम्हाला तो तेव्हाही पटला नव्हता. गावाबाहेर वेगळा हौद बांधून दिला म्हणून गावच्या पाणवठ्यावरचा हक्क सोडायचा नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पालक म्हणतील, मुलाला नोकरी हवी आहे. हे मानकांचे पुराण कशाला? प्रश्न रास्त आहे. आज आपल्याकडे संगणक शिक्षण म्हणजे अमुक कंपनीच्या अमुक सॉफ्टवेअरमधील कोणती कळ दाबायची, एवढेच उरले आहे. चार वर्षांनी ती कळ दुसरीकडे सरकते आणि शिकलेले वाया जाते. ज्या मुलाला पाकीट, पत्ता, संकेतनियम कळले, त्याला कोणत्याही कंपनीचा डबा परका वाटत नाही. नांदेडच्या बँकेत, लातूरच्या रुग्णालयात, पुण्याच्या कारखान्यात जाळे सारख्याच नियमांनी चालते. आठवीच्या मुलाला आपल्या गावाचे नाव आठ क्रमांकांत लिहायला लावणे हा एका तासिकेचा खेळ आहे, आणि त्याला खर्च काही नाही.

संस्थेपुढे आमची मागणी फार मोठी नाही. यापुढे शाळेचा प्रत्येक मराठी कागद युनिकोडमध्येच टंकला जावा आणि टंकणाऱ्यास इनस्क्रिप्ट कळफलक शिकण्यास सवड व प्रशिक्षण द्यावे. सवय मोडायला एखाद-दोन महिने लागतील, तितके सोसावे. जाळ्याचे साहित्य घेताना मागणीपत्रात कंपनीचे नाव न लिहिता मानकाचे नाव लिहावे, म्हणजे उद्या दुसऱ्याचा डबाही तेथे बसेल. आणि जनरल रजिस्टरच्या मूळ पानांना, संगणकावर सारे आले तरी, कपाटातून हलवू नये.

राहिला जुन्या स्मरणिकांचा प्रश्न. त्या फाइली अगदीच गेल्या, असे नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वा कुटुंबांकडे त्या अंकांच्या छापील प्रती असतील, त्यांनी त्या काही दिवसांसाठी शाळेच्या कार्यालयात द्याव्यात, ही विनंती. छापील पान आणि पडद्यावरील चिन्हांचा गोंधळ शेजारी ठेवला की टक्क्याचे चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, कंस म्हणजे कोणती मात्रा, असा तक्ता बनविता येतो आणि एकदा तक्ता झाला की उरलेली पाने संगणक स्वतः उलगडतो. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रती मिळाल्या, तर हे काम नववीच्या मुलामुलींकडे सोपवावे असा आमचा विचार आहे. ज्यांनी तो अंक छापून घेतला होता त्यांना फॉन्टचे नाव आठवत असेल, तर तेही चिठ्ठीवर लिहून पाठवावे.